मधेच तुटलेल्या फोनची मोजणी

ती. ताईंना तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द या खेपेला अगदी शब्दशः घ्यावा. गेले तीन आठवडे मी घरी असलो की बराचसा वेळ जमिनीवर पालथाच असतो. कारण पुढे येईल.) तुमचा गुडघा कसा आहे? उजवा विचारतोय, डाव्याने बिचाऱ्याने कधी तक्रार केलेली नाही. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, पण त्या दोघांतला खुशाल तेवढा मीच, आणि तोही अधूनमधून. पत्रास कारण की, तुम्ही फोन उचलत नाही.

आता मुद्द्यावर येतो. (तुमची बहीण म्हणते, मी मुद्द्यावर येतो तोवर पाहुणे चपला घालत असतात.) त्या रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तुमचं आणि हिचं बोलणं चालू होतं. येत्या नऊ तारखेला गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय असं तुम्ही सांगितलंत. ही म्हणाली, मी येते, चांगली पंधरा दिवस राहते. त्यावर तुम्ही म्हणालात की अजिबात येऊ नकोस, मी नर्स ठरवली आहे, तू आलीस की मला माझा गुडघा सोडून तुझंच बघत बसावं लागतं. आणि नेमका त्याच क्षणी फोन तुटला. मावशींकडून नंतर कळलं की धाकटीने माझ्या तोंडावर फोन आपटला असं तुम्ही मनात घेतलंय. तेव्हापासून तुम्ही हिचा फोन घेत नाही, आणि दोन दिवस वाट पाहून हिनेही करायचं सोडलं. रोज संध्याकाळी पाऊण तास बोलणाऱ्या दोघी बहिणी अशा गप्प झाल्यावर घरात इतकी शांतता पसरली की फ्रीज मधेमधे थांबतो आणि पुन्हा सुरू होतो हे मला लग्नानंतर पहिल्यांदाच कळलं. तुम्ही हिच्याशी न बोलता ऑपरेशनच्या टेबलावर जाणार, ही कल्पना मला सहन होत नाही. हे मी गमतीने लिहीत नाहीये.

तर ताई, हिने फोन आपटला नाही. फोन रेंज गेल्यामुळे तुटला. हे मी बायकोची बाजू घेऊन हवेत बोलत नाही. एकोणतीस वर्षं मोजणी खात्यात लोकांच्या जमिनी मोजतोय, दोन भावांच्या भांडणात मधली रेघ ओढतोय. मग दोन बहिणींच्या भांडणात मोजणी का करू नये, असं माझ्या मनात आलं. रेंज ही मोजता येणारी गोष्ट आहे. ती कुठे होती, कुठे नव्हती आणि कोणामुळे नव्हती, हे कागदावर मांडून तुमच्यापुढे ठेवलं की तुमचा राग निघून जाईल आणि फोन तोडणारी ती मोबाइल कंपनीही आमच्या घरातून निघून जाईल, असा माझा साधा हिशेब होता.

पहिल्यांदा दुकानांत गेलो. आमच्या चौकात मोबाइल कंपन्यांची तीन दुकानं ओळीने आहेत. त्यांची नावं लिहीत नाही, रंगांवरून ओळखा: जांभळी, पोपटी आणि राखाडी. प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर रेंजचा एक भलामोठा नकाशा लावलेला असतो. ताई, मी आयुष्यात पुष्कळ वाईट नकाशे पाहिलेत (त्यातले काही मीच काढलेत), पण हे नकाशे पाहून माझं डोकंच फिरलं. प्रमाण दिलेलं नाही, उत्तर दिशा दाखवलेली नाही, नुसता सगळीकडे रंग फासलाय. जांभळीच्या नकाशात तर अख्ख्या तलावावरही दाट जांभळा रंग होता. मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं की तलावाच्या मधोमध उभं राहून कोण कोणाशी बोलतं? ती म्हणाली, काका, तुम्हाला डेटा किती लागतो ते सांगा. मी म्हटलं, आधी आमचं स्वयंपाकघर या नकाशावर दाखव. तिला ते सापडेना, म्हणून मी खिशातली पेन्सिल काढून आमची इमारत तिथे काढून दिली. उत्तर दिशाही काढणार होतो, पण तोवर मॅनेजर आले. माणूस सभ्य होता, दारापर्यंत सोडायला आला.

डेटाचं मात्र विचारल्यावर मला उत्तर देता आलं नाही, म्हणून घरी येऊन तुमच्या बहिणीच्या फोनमध्ये पाहिलं. ही महिन्याला जेवढा डेटा वापरते त्यातला तीन चतुर्थांश तुमच्या गॅलरीतल्या टोमॅटोच्या फोटोंवर खर्च होतो. गेल्या महिन्यात तुम्ही बत्तीस पाठवलेत. (त्यातला अकरावा आणि बारावा एकच आहे, आणि एकोणिसाव्यात टोमॅटो नसून तुमचा अंगठा आहे.) कंपन्या रोज दोन-दोन, तीन-तीन जीबी देतो म्हणतात. एवढ्या डेटात तुम्ही बागाईतदार झालात तरी पुरेल. तेव्हा मी मनाशी पक्कं केलं की आपण रेंज बघायची, डेटाचं नंतर बघू.

जुना नंबर ठेवून कंपनी बदलायची म्हणजे अर्ज करून थांबावं लागतं, आणि आपल्याला थांबायला वेळ कुठे आहे? म्हणून मी तिन्ही कंपन्यांची तीन नवी सिमकार्डं घेतली आणि घराची मोजणी सुरू केली. फरशीवर एक-एक मीटरवर खडूने फुल्या मारल्या. एकूण चौऱ्याऐंशी भरल्या. प्रत्येक फुलीवर आधी उभं राहून, मग बसून, मग आडवं होऊन (माणूस फोनवर आडवाही होतो, तुम्हीच होता) फोन लावायचा, आणि पलीकडून नीट ऐकू येतंय का ते टिपून घ्यायचं. पलीकडे कोणीतरी हवं, म्हणून आमच्या कार्यालयातल्या आवकजावकच्या बाईंना सांगून ठेवलं होतं. त्यांनी पहिला दिवस हसतखेळत काढला. दुसऱ्या दिवशी नुसतं ‘येतंय’ म्हणू लागल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, साहेब, घरी सगळं ठीक आहे ना? आणि चौथ्या दिवशी त्यांनी रजा टाकली.

बाई रजेवर गेल्यामुळे नाइलाजाने मी तुम्हालाच फोन लावला. तुम्हाला मधल्या आठवड्यात तीन अनोळखी नंबरांवरून जे सतरा फोन आले, ते विमावाले नव्हते, मी होतो. सोळा तुम्ही घेतले नाहीत. सतरावा घेतलात आणि माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत ‘मला काहीही नकोय, पुन्हा फोन केलास तर पोलिसांत देईन, मेल्या’ असं म्हणून ठेवून दिलात. पोपटी कंपनी, न्हाणीघराचं दार, बसलेली स्थिती. ‘मेल्या’ इतकं स्वच्छ ऐकू आलं की मी नकाशावर त्या जागी ‘उत्तम’ असा शेरा लिहिला.

निष्कर्ष थोडक्यात देतो. जांभळी कंपनी दिवाणखान्यात झकास, पण स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर पाय ठेवला की गुल. पोपटी फक्त न्हाणीघरात चालते, तिथे मात्र तिच्यासारखी दुसरी नाही. राखाडी घरभर चालते, अगदी कपाटात तोंड घालून बोललं तरी चालते, पण तिचा डेटा मुंगीच्या पावलाने येतो. तुमचा एक जुना फोटो मी हिच्या फोनवरून त्या फोनवर पाठवून पाहिला. वरून एक-एक पट्टी उमटत होती आणि हा टोमॅटो आहे की सूर्योदय हे कळायला माझा चहा संपला. मला विचाराल तर राखाडीच घ्यावी. बोलणं अडता कामा नये, टोमॅटो थांबेल.

आता अवघड भाग सांगतो, कारण मोजणीदाराने सोयीचं तेवढंच सांगायचं नसतं. त्या रविवारी ही ज्या स्टुलावर बसून बोलत होती, ते स्टूल स्वयंपाकघरामागच्या धुण्याच्या जागेत, वॉशिंग मशीन आणि खिडकी यांच्या मधे असतं, आणि ते माझ्या चौऱ्याऐंशी फुल्यांपैकी एकीवरही येत नव्हतं. सगळं घर मोजलं आणि घटनास्थळ राहिलं. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत असा घोटाळा माझ्या हातून झाला नव्हता. परवा मी त्या स्टुलावर जाऊन बसलो. जुनी कंपनी: चारही काड्या. राखाडी: चारही काड्या. जांभळीसुद्धा, उंबरठ्यावर मेलेली, तिथे खिडकीमुळे उठून उभी. मला दरदरून घाम फुटला. पुरावा सरळ सरळ हिच्या विरुद्ध जात होता. ही दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. चहा ठेवते म्हणाली.

पण मी हार मानणारा नाही. तासभर तसाच बसून राहिलो आणि मला लिफ्ट ऐकू आली. ताई, त्या भिंतीच्या पलीकडे आमच्या इमारतीची लिफ्ट आहे! लिफ्ट आमच्या मजल्यावरून जाताना चारांतली एक काडी दोन सेकंद जाते. घड्याळ लावून अकरा वेळा पाहिलं, नऊ वेळा गेली. म्हणजे झालं असं: तुम्ही ‘येऊ नकोस’ म्हणायला आणि लिफ्ट वर यायला एकच गाठ पडली. बस्स. यात ना तुमचा दोष, ना हिचा. मी उड्या मारत स्वयंपाकघरात जाऊन हिला हे सांगितलं, तेव्हा ही डोळे पुसून म्हणाली, कांदा चिरत होते. (ओट्यावर कांदा नव्हता. पण निर्दोष सुटल्यावर माणसाला भरून येतंच.) त्या संध्याकाळी मला न मागता दुसरा कप चहा मिळाला.

सोबत घराचा नकाशा जोडला आहे. लिफ्ट लाल शाईने दाखवली आहे. उत्तर दिशा वर आहे.

तुमच्या उजव्या गुडघ्यास लवकर आराम पडो. डाव्यास आशीर्वाद.

तुमचा,
मेल्या

ता. क. नकाशा नीट कळला नाही तरी चालेल. खरं म्हणजे एवढंच म्हणायचं होतं की एकदा फोन उचला. हिने बॅग भरून पलंगाखाली ठेवली आहे. मी खाली फुली मारायला गेलो तेव्हा दिसली. हिला वाटतंय मला माहीत नाही.

ता. क. २. तुमच्याकडे कोणती कंपनी आहे ते कळवावं. तुमच्या टोकाची मोजणी राहिली आहे.

ता. क. ३. ताई, यांनी हे पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून हे अक्षर माझं आहे. त्या रविवारी लिफ्ट बंद होती. दुरुस्ती चालू होती, हे स्वतः भाजीच्या पिशव्या घेऊन पाच मजले चढून आले आणि विसरले. फोन मीच कट केला. तू ‘येऊ नकोस’ म्हणालीस आणि मला रडू फुटलं, आणि ते तुला ऐकू जाऊ द्यायचं नव्हतं. एवढंच झालं. तुला वाटलं मी रागावले, आणि मला वाटलं तुला मी खरंच नको आहे. दुसऱ्याच दिवशी यांना सांगणार होते, तर हे खडू घेऊन फरशीवर बसलेले. तीन आठवडे हा माणूस माझी चूक नाही हे दाखवायला घरभर रांगतोय, आता कोणत्या तोंडाने सांगू? तूही सांगू नकोस. मी आठ तारखेला सकाळच्या गाडीने येते आहे. तुझी नर्स असू दे, ती गुडघ्याचं बघेल, मी तुझं बघेन. आणि तरीही नकोच म्हणायचं असेल, तर फोन करून सांग.