गालीलकाठची पाळत

३ फेब्रुवारी, गाझियाबाद
चर्चमध्ये मीटिंग. प्रभूच्या भूमीत, गालीलला यात्रेला जाणारे आम्ही तीस जण. पाळकसाहेबांनी साफ सांगितलं, उतरल्या उतरल्या सगळ्यांचे पासपोर्ट माझ्याकडे. दुसऱ्या एका ग्रुपमधला माणूस तिकडेच राहिला, कामाला लागला म्हणे. त्या ग्रुपला नंतर व्हिसाच मिळेना. मग मला बाजूला घेतलं. "आंटीजी, सुनंदा आपके कमरे में रहेगी. मराठी है. ज़रा नज़र रखिएगा."
सुनंदा अमरावतीची. एका खासगी हॉस्पिटलात आया. नवरा नाही, मुलगी बारावीला. चर्चला यायला लागून जेमतेम चार महिने. चार महिन्यांत एवढी भक्ती? असो.

११ फेब्रु., विमानतळ
सु.ची बॅग माझ्या दुप्पट. नऊ दिवसांची यात्रा, आणि करोल बागेतून घेतलेलं जाड जाकीट, वर तीन स्वेटर. तपासणीत बॅग उघडायला लावली तर आत छोटा कुकर.
"बाहेरचं सोसत नाही मला, मावशी."
विमानात मात्र दिलं ते सगळं खाल्लं. माझं लोणचंसुद्धा.

१२ फेब्रु., तिबिर्या
खिडकीतून गालीलचा समुद्र. समुद्र कसला, तळंच. पलीकडचा काठ दिसतो. बारा वर्षं मनात होतं हे पाणी बघायचं.
दुपारी नावेतून गेलो. नावाड्यांनी तिरंगा चढवला, आपलं राष्ट्रगीत लावलं. सगळे ताठ उभे. सु. तोंड फिरवून रडत होती. प्रार्थनेला कुणी रडलं तर समजू शकते. राष्ट्रगीताला?

१३ फेब्रु.
सकाळी डोंगरावर, जिथे प्रभूने प्रवचन केलं. पाळकसाहेब वचन वाचत होते, मी सु.कडे बघत होते. एक शब्द आठवत नाही. एवढ्या लांब येऊन हे.
मग भाकरी-माशांच्या चमत्काराचं चर्च. अंगणात चाकाच्या खुर्चीत एक गोरी म्हातारी. खुर्ची ढकलणारी बाई आपल्याकडची. सु. सरळ तिच्यापाशी गेली. पाच-सात मिनिटं बोलत होत्या. फोटोच्या निमित्ताने मी जवळ गेले तर दोघी गप्प.
"ओळखीची?"
"नाही हो. भारतातली दिसली म्हणून."
पण मी ऐकलं होतं. ती बाई विचारत होती, "बेटी कैसी है?" अनोळखी बाईला हिची मुलगी कशी ठाऊक?
संध्याकाळी पाळकसाहेबांना सांगून टाकलं. सांगितल्यावर हलकं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

१४ फेब्रु.
कफर्णहूम. काळे दगड, प्रभूचा शिष्य पेत्र, त्याचं घर. काचेतून खाली बघायचं. ऊन छान.
जेवायला मासा, काटेच काटे. सु.ने माझं ताट ओढून घेतलं, काटे काढले, ताट परत सरकवलं. हॉस्पिटलची सवय. की मला खूश ठेवायला?
दुपारी खोलीत तीच म्हणाली, "मावशी, तुम्ही सांगितलंत ना त्यांना? आज दिवसभर ते माझ्या मागेच होते."
नाही म्हणता आलं नाही. मग तीच बोलत गेली. ती बाई तिच्या जुन्या हॉस्पिटलातली मैत्रीण, इथे रीतसर कामाला. तिच्या शेजारच्या घरात एका आजोबांना सांभाळायला माणूस हवंय. मुलीला बहिणीकडे ठेवलंय. सांगितलंय, आईला यायला उशीर झाला तर घाबरू नको.
"आणि आम्ही बाकीचे? पाळकसाहेबांनी तुझ्यासाठी हमीची सही दिली आहे."
"माहितीये. म्हणून तर अजून ठरत नाही माझं."
खरंच ठरत नाही, की माझं तोंड बंद करायला म्हणाली?
मीही दिल्लीला आठ दिवसांसाठीच आले होते. हिंदूराव हॉस्पिटलजवळ मामेबहीण राहायची, तिच्या लग्नाला. परतीचं तिकीट काढलेलं, पण परतलेच नाही. माझे वडील, अण्णा, त्या दिवशी नगरच्या स्टेशनवर माझ्या गाडीची वाट बघत होते, हे मला दोन वर्षांनी कळलं. सु.ला यातलं काही बोलले नाही. बोलले असते तर...

१५ फेब्रु., ९.४०, हॉटेलची लॉबी
दहाला बस, यरुशलेमला. मुक्काम बदलायचा म्हणून नाश्त्याला पासपोर्ट वाटले. सु.चा पाळकसाहेबांनी माझ्या हातात दिला. "आप ही रखिए."
खोलीत आल्यावर तिने मागितला. "द्या मावशी. काठावर एकदा जाऊन येते."
"काठावर पासपोर्ट कशाला?"
तिचा हात तसाच पुढे. नखं बारीक कापलेली.
"परत येशील ना?"
"बस दहाला ना?" म्हणाली.
हे उत्तर नव्हे, एवढं मला कळतं. तरी दिला. का दिला, विचारलं तर सांगता येणार नाही. तिची बॅग बसमध्ये चढवली आहे. त्यावरून काही सिद्ध होत नाही.
पाळकसाहेब दोनदा येऊन गेले. चेहरा उतरलेला. पहिल्यांदा मी म्हटलं, बाथरूम में है. दुसऱ्यांदा, बस, आ रही है. चांगला माणूस आहे. त्यांच्या तोंडावर खोटं बोलले मी, चौसष्टाव्या वर्षी, प्रभूच्या गावात.
दहाला पाच कमी. आमची माणसं बसमध्ये बसताहेत. इतके दिवस ती कुठे जाते, कुणाशी बोलते, सगळं टिपत होते. आता दाराकडे पाठ करून लिहिते आहे. दार उघडलं की मानेला गार वारा लागतो. आत्ताही लागला. वळून बघितलं नाही अजून.