दारावरून जाणारी रिकामी बस

९ फेब्रुवारी, सोमवार

इडा चालली! तेवीस वर्षांपासूनची शेजारीण, आता कायमची मुलीकडे. माझ्या नवऱ्याला, ऑर्व्हिलला, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला तीच न्यायची – जाऊन-येऊन ऐंशी मैल. डोळे अधू झाल्यापासून माझं लायसन्स गेलेलं. आता काय करायचं?

सकाळी सव्वासातला शाळेची पिवळी बस दारावरून गेली. अर्धी रिकामी. आणि शाळा कुठे, तर डायलिसिसच्या दवाखान्यासमोर!

१० फेब्रुवारी

शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन केला. म्हणजे लायलला – लहानपणी माझ्याच बसमधून शाळेत जायचा. छत्तीस वर्षं चालवली मी ती बस. म्हटलं, मागच्या सीटवर एक म्हातारा गुपचूप बसेल, सोमवार-बुधवार-शुक्रवार.

म्हणाला, "बाई, शाळेचा नियम असता तर आज बदलला असता. कायदा असता तर आमदाराच्या मागे लागलो असतो. पण ही राज्याची घटना आहे. आणि ते कलम तुमचं आहे."

११ फेब्रुवारी

लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय. बारा वर्षांपूर्वी बर्फात एक दारुडा बसमध्ये चढला. पोरं रडली, मी चिडले. आमच्या राज्याची स्वतःची घटना आहे, आणि पुरेशा सह्या जमल्या की प्रस्ताव थेट लोकांच्या मतदानाला जातो. किराणा दुकानाबाहेर टेबल मांडून सह्या गोळा केल्या – 'शाळेच्या बसमध्ये विद्यार्थी आणि चालक यांच्याखेरीज कोणी बसणार नाही.' वकील सांगत होता, साधा कायदा करून घ्या. मी म्हटलं, कायदा आमदार बदलतात. घटनेत घाला, म्हणजे कोणी हात लावणार नाही! आमच्या घटनेची तशीही किराण्याची यादी झालीय. बीव्हर पकडायच्या सापळ्यांचंसुद्धा कलम आहे. मग माझी बस का नको?

एवढ्यावर भागलं नाही. पुढच्या निवडणुकीत मी दारोदार फिरले – घटना बदलायला यापुढे साठ टक्के मतं हवीत, उठसूट कोणी बदलायला नको. साठ टक्क्यांचा तो प्रस्ताव स्वतः बावन्न टक्क्यांनी पास झाला. तेव्हा कोणालाच हसू आलं नाही.

६ मार्च

चर्चमधली माणसं सोमवार-बुधवार नेतात. शुक्रवार बुडतो. ऑर्व्हिलचे पाय सुजलेत. बोलत काही नाही, फक्त बुटांच्या नाड्या बांधत नाही.

१४ मार्च

तेच दुकान, तेच टेबल. आता माझंच कलम काढण्यासाठी सह्या. ज्येष्ठांच्या संघटनेने राज्यभर उचलून धरलंय. म्हणे दर खोऱ्यात एक ऑर्व्हिल आहे.

२२ सप्टेंबर

विरोधकांचं पत्रक आलं. 'परक्या माणसांना मुलांच्या बसमध्ये बसू द्याल?' खाली फोटो – माझा! बारा वर्षांपूर्वीचा, बसच्या दारात हात आडवा धरून. खोटं काहीच नाही, वाक्यसुद्धा माझंच. आपलेच दात, आपलेच ओठ. ओरडायचं कोणावर?

ऑर्व्हिलने ते फ्रिजवर चिकटवलं. म्हणाला, "छान दिसत होतीस."

३ नोव्हेंबर, मंगळवार

मतदान. अकरा प्रस्ताव, आमचा नववा. मीच मागितलेला, तरी तीनदा वाचावा लागला. बंदी उठवायची तर 'हो' म्हणायचं. बाहेर दुकानातली कॅशियर भेटली. मोठ्या मायेने म्हणाली, "तुमच्यासाठी 'नाही'वर खूण केली हं. बंदी नकोच!"

मी थँक्यू म्हटलं. काय करणार?

४ नोव्हेंबर

अठ्ठावन्न टक्के. हरलो.

१० नोव्हेंबर

बर्फामुळे लागोपाठ दोन खेपा बुडाल्या. काल ऑर्व्हिलला श्वास घेता येईना, अॅम्ब्युलन्स बोलवावी लागली. आता बराय, झोपलाय. मला भीती वाटते. त्याला मारायची तजवीज मी बारा वर्षांपूर्वी सह्या घेऊन केली असं वाटतं.

१६ नोव्हेंबर, सोमवार

लायल आला. अॅपल पाय खाल्ला, दोन कप कॉफी प्यायला, आणि मग विचारलं, "काका, शाळा कितवीपर्यंत केलीत?"

दहावी. शेवटची दोन वर्षं राहूनच गेली, लाकडाच्या गिरणीत लागला. लायलने खिशातून प्रवेशाचा अर्ज काढला. मी म्हटलं, अरे, हा एकाहत्तर वर्षांचा आहे!

"वयाचं घटनेत काही नाही, बाई. त्यावर अजून कोणी सह्या गोळा केल्या नाहीत."

१८ नोव्हेंबर, बुधवार

सव्वासात. बस थांबली! डबा दिला, मफलर दिला. पहिला तास बीजगणित, मग रस्ता ओलांडून डायलिसिस, तीनला परतीची बस. नाड्या बांधून गेला. मी दारात उभी राहून रडले.

१२ डिसेंबर, शनिवार

किराणा दुकानाबाहेर, माझ्याच जागी, एक तरुण आई टेबल मांडून. 'विद्यार्थी म्हणजे एकवीस वर्षांखालील व्यक्ती.' घटनेतच घालायचं म्हणे, म्हणजे कोणी हात लावणार नाही. मला ओळखलं तिने. म्हणाली, तुमच्यावरूनच सुचलं, पहिली सही तुमची हवी. डोळे किती प्रामाणिक! सही न करताच पेन परत दिलं.

घरी येऊन सांगितलं. ऑर्व्हिल गृहपाठ करत होता.

"पुढची निवडणूक कधी?"

"दोन वर्षांनी."

"दोन वर्षं तर मला डॉक्टरसुद्धा देत नाहीत," म्हणाला, आणि पेन्सिलला टोक काढायला लागला.