लीग म्हणजे संसार

शुक्रवार, १८ जुलै १९५८
कालपासून अधिक श्रावण. संकल्प केले. एक, महिनाभर एकभुक्त. दोन, लाख वाती. तीन, फुटबॉलमध्ये लक्ष घालायचं नाही.

तिसरा संकल्प करावा लागला, कारण हे अमरावतीच्या जय अंबा क्लबाचे सेक्रेटरी आणि देवमनभाऊजी, म्हणजे आमचे धाकटे दीर, त्याच क्लबात सेंटर फॉरवर्ड. जेवताना दोघं ऑफसाइड बोलतात. वरणात मीठ पडलं नव्हतं, एकालाही कळलं नाही. अर्धा चमचा मीठ वाचलं, पण अपमान झाला तो झालाच.

क्लब खुशालराव मालकांच्या जिनिंग कारखान्याचा. भाऊजी तिथे टेम्पररी मजूर-कारकून. मालक चारचौघांत म्हणाले आहेत, क्लब फर्स्ट डिव्हिजनमध्ये राहिला तर दसऱ्याला देवमन पर्मनंट. पर्मनंट झाले की लग्न, मुलगी ठरलेली आहे. मला फुटबॉलचं एवढंच देणंघेणं.

शनिवार, २६ जुलै
पार्वताबाईंच्या माडीवर वाती वळायला बसले. तिथे उजेड चांगला. माडीवरून मैदान दिसतं, त्याला मी काय करणार.

तीन गोल खाल्ले. तिसऱ्या गोलाच्या वेळी वळलेल्या वाती दोरीसारख्या जाड झाल्या, सोडून परत वळल्या. रेफरी आंधळा आहे.

आता सात क्लबांत आपण सहावे. शेवटचा जातो सेकंड डिव्हिजनमध्ये. कपाचंही बोलणं निघालं. अकोल्याचा राजेश्वर कप, तिथे हरलं की घरी. मी यांना शांतपणे समजावलं, लीग म्हणजे संसार. रोजची भाकरी, रोजचं दळण. कप म्हणजे सण. सणासाठी कोणी चूल मोडत नाही. हे म्हणाले, "तू तं लक्ष घालनार नोती ना?" मी म्हटलं, हे लक्ष नाही, विचार आहे.

बुधवार, ३० जुलै
अंबादेवीला बोलले. क्लब फर्स्टमध्ये राहू दे, खण-नारळाने ओटी भरीन.

पार्वताबाई पायरीवरच म्हणाल्या, "अवो बाई, अधिकात नवस बोलते का कोनी? अधिकातलं देव मोजत नाई." मॅट्रिक झालेल्या बाईला शास्त्र शिकवतात. मी म्हटलं, हा नवस नाही, देवीच्या कानावर घातलं फक्त. त्या हसल्या. शेजारीण म्हणून विश्वास टाकावा तर हे असं.

रविवार, १० ऑगस्ट
कपाच्या पहिल्याच मॅचमध्ये भाऊजींनी दोन गोल केले. अकोल्याहून तार आली. मी ऐकून फक्त "बरं" म्हटलं.

संध्याकाळी शिरा केला. अधिकात गोड करायचंच असतं.

शुक्रवार, १५ ऑगस्ट
झेंडावंदन. लीगमध्ये बरोबरी, एक पॉइंट. कंटाळवाणी मॅच. पॉइंट महत्त्वाचा, हे मला कळतं. तरी माडीवरून अर्ध्यातच उतरले. वाती कपाच्या तारेच्या दिवशी जास्त झाल्या होत्या, आज कमी. उद्यापासून निज श्रावण, लाखाला बरंच कमी पडलं. पण मोजदादीत चूक असू शकते. देव भाव पाहतो.

मंगळवार, १९ ऑगस्ट
निज श्रावण लागला म्हणून देवीला पुन्हा जाऊन रीतसर नवस बोलले. लीग सांगितली. मग कपाचंही सांगितलं. दोन नारळ लागतील, हे उतरताना लक्षात आलं. परत वर गेले आणि एकाच नारळात दोन्ही, असं स्पष्ट केलं. देवीला घर चालवणाऱ्या बाईची अडचण कळते.

रविवार, २४ ऑगस्ट
सेमी-फायनल जिंकली!! (हे चिन्ह यांच्या आनंदासाठी.)

खुशालराव मालक स्वतः घरी आले. ओसरीवर उभ्या उभ्या म्हणाले, "कप आपल्या राजापेठेत आला तं बँड लावतो. अन् कपाले ओवाळाले सेक्रेटरीनबाई पाह्यजे, समद्या पेठेसमोर." मी पदर सावरून आत गेले. मला अशी हौस नाही.

लग्नातला शालू ट्रंकेतून काढला. पावसाळ्यात कसर लागते, हवा द्यावीच लागते.

सोमवार, १ सप्टेंबर
विश्वासघात. कपाची फायनल आणि लीगची शेवटची मॅच एकाच दिवशी, येत्या रविवारी, एकाच वेळी. एक अकोल्याला, एक इथे. लीगवाले तारीख बदलत नाहीत, कपवाले बदलत नाहीत. सगळे आपापल्या खुर्चीला धरून बसलेत.

लीगमध्ये एक पॉइंट हवा. नुसती बरोबरी झाली तरी राहतो. समोर धामणगावची टीम, आपल्याही खाली, सातवी. कमिटीत अर्धे म्हणतात चांगले अकरा इथे ठेवा, अर्धे म्हणतात अकोल्याला न्या. सेक्रेटरीचं मत निर्णायक. हे डोकं धरून बसले आहेत.

भाऊजी माझ्याकडे आले. "वयनी, दादाले सांगा, मले इथंच खेळू द्या. धामनगाववाल्याईले दोन गोल मारतो अन् मोकळा होतो. कप काय, पुढच्या सालीही येते." मी म्हटलं, भाऊजी, मी लीगवालीच आहे. निश्चिंत राहा. सोमवारचा उपास होता, तरी त्यांच्यासाठी मुद्दाम गरम भाकरी टाकली.

मंगळवार, २ सप्टेंबर
निर्णय माणसांनी घेऊ नये. दोन चिठ्ठ्या केल्या, "लीग" आणि "कप". घडी सारखी. देवापुढे ठेवून डोळे मिटून उचलली. लीग.

डोळे नीट मिटले नव्हते असं वाटलं. शिवाय निरांजन लावायचं राहिलं होतं. लावून पुन्हा उचलली. लीग. तेव्हा दारात दूधवाल्याने हाक मारली, म्हणजे मन एकाग्र नव्हतं. ती धरता येत नाही. तिसऱ्यांदा सगळं यथासांग झालं. देवीने कप सांगितला.

चहा देताना यांना म्हटलं, माझं मत तुम्हांला माहीत आहे, मी लीगवाली. पण देवीपुढे माझं काय चालतं. हे म्हणाले, "तूच रोज संसार संसार करत होती न वो!" मी म्हटलं, संसारातच सण येतो. धामणगाववाले पावसात गाडी चुकवतात, दोनदा आलेच नव्हते. त्यांना रिझर्व पोरं पुरतात. एक पॉइंट म्हणजे काय, बरोबरी. शून्य-शून्य. त्यात कोणी काही करायचंच नसतं.

यांनी मान डोलावली. कमिटीत कप ठरला.

भाऊजी आज जेवले नाहीत. लहान मन.

शनिवार, ६ सप्टेंबर
उद्या पहाटे कारखान्याचा ट्रक अकोल्याला. मीही निघते आहे, राजराजेश्वराच्या दर्शनाला. श्रावण चालू आहे आणि ट्रकला भाडं नाही. मॅचशी संबंध नाही.

ओवाळणीचं तबक, निरांजन, काचेची अत्तरदाणी, खेळाडूंसाठी दशम्यांची टोपली. ट्रकच्या धक्क्यात फुटेल सगळं. धरायला स्थिर हाताचा माणूस हवा. चंद्रभान सापडला. राखीव गोलकीपर, वर्षभर बाकावर बसलेला पाहते आहे. आज दारावरून जाताना हाक मारली. तो म्हणाला, "वयनी, पन उद्या मले इथं..." मी म्हटलं, इथं काय आहे तुला? सेक्रेटरींच्या घरचं काम आहे. चांगला मुलगा, उलट बोलत नाही.

सोमवार, ८ सप्टेंबर, सकाळी
कप आपला. दोन-एक. दुसरा गोल भाऊजींचा, हेडने. मी दर्शन उरकून सहज मैदानाकडे गेले होते. घसा बसला आहे, ट्रकवरच्या वाऱ्याने.

काल रात्री राजापेठेत बँड. शालू नेसले. मालकांनी कप पाटावर ठेवला. ओवाळलं. सगळी पेठ बघत होती. पार्वताबाई मागे उभ्या होत्या, त्यांना दिसावं म्हणून तबक जरा उंच धरलं.

मग मैदानावरून निरोप घेऊन माणूस आला. धामणगाववाले वेळेच्या आधी आले होते, पूर्ण अकरा. आपले नऊ. एक आमच्या ट्रकमागे धावून चढला म्हणे, दुसरा राखीव गोलकीपर. उंच बॅकला गोलात उभा केला. चार-शून्य. ते वर, आपण सातवे.

बँड थांबला नाही, त्यांना कोणी सांगितलंच नाही.

चंद्रभानने मला सांगायला हवं होतं. माणसाने स्पष्ट बोलावं. नुसतं "पन मले इथं" यातून कोणाला काय कळणार?

गुरुवार, ११ सप्टेंबर
खुशालराव मालकांकडून यांना बोलावणं. परत आले तर पाणीही घेतलं नाही. मालक म्हणाले, "सेकंड डिव्हिजनची टीम मी काहून पोसू? माह्या कारखान्याच्या नावाले शोभते का?" क्लब बंद. हेच मालक रविवारी रात्री कपाला हार घालत होते! कपावर कारखान्याचं नाव कोरायचं ठरलं होतं, आता म्हणतात, कप तुमच्याच घरी राहू द्या. धातूचा मोठा डेरा, चुलीजवळ जागा अडवून बसला आहे.

देवमनभाऊजी पर्मनंट नाहीत. मुलीकडच्यांचा निरोप परवाच आला, थांबतो म्हणून. आता किती थांबतात पाहायचं.

मंदिरात गेले. नारळ नेला नाही. नवस एक होता, त्यातला अर्धा देवीने केला. अर्धा नारळ फोडता येत नाही. पार्वताबाई वाटेत म्हणाल्या, "म्या सांगतलं होतं अधिकाचं." पण निजात मी पुन्हा बोलले होते! देवीच पहिलं बोलणं धरून बसली असेल तर दाद मागायची कोणाकडे?

शुक्रवार, २४ ऑक्टोबर
दसरा होऊन गेला. भाऊजी अकोल्याला निघाले. ज्या टीमला फायनलमध्ये हरवलं, त्यांनीच तेलाच्या गिरणीत नोकरी दिली, पहिल्या दिवसापासून पर्मनंट. आमच्या घरी खाल्लं, आमच्या तुपावर वाढले, आणि खेळणार अकोल्यासाठी. असा घात सख्ख्या माणसाने करावा!

ट्रंक उचलताना मी एवढंच म्हटलं, भाऊजी, पेठ काय म्हणेल. ते म्हणाले, "पेठीचं जाऊ द्या वयनी. तुमी सांगाल दादाले, असं वाटलं होतं मले. म्हनून मी दुसऱ्या कोनाले बोललोच नाई."

मी म्हटलं, चिठ्ठी देवीची होती. ते म्हणाले, "कितव्या खेपेची?"

यांनी सांगितलं असणार. यांना तरी कसं कळलं? दूधवाल्याने दारातून पाहिलं असेल. या घरात काहीच आपलं राहत नाही. डब्यात चिवडा दिला होता, तो ओसरीवर विसरून गेले. की ठेवून गेले.

शुक्रवार, २ जानेवारी १९५९
नवीन वर्षाचे संकल्प. भाऊजींना पत्र लिहायचं. फुटबॉलचा उल्लेख करायचा नाही.

लिहिलं. उल्लेख झाला. पाठवलं नाही. टपालाचा खर्च वाचला.

रविवार, १२ जुलै
सकाळी दार वाजलं तर देवमनभाऊजी. अंगावर इस्त्रीचा शर्ट. मुलगी तीच, मार्गशीर्षात लग्न, तिकडेच करणार. मी म्हटलं, इकडे नाही? म्हणाले, "तिकडंच क्वार्टर भेटला न." आनंदच आहे.

आले होते कप न्यायला. राजेश्वर कपात फक्त फर्स्ट डिव्हिजनच्या क्लबांना घेतात. ज्यांनी कप जिंकला ते सेकंडमध्ये आणि आता बंदच, म्हणजे त्यांना खेळता येत नाही आणि कप ठेवताही येत नाही. कपाच्या कमिटीने भाऊजींच्या हाती निरोप दिला होता. हे नियमाचं पुस्तक आम्हांला गेल्या वर्षी कोणी दाखवलं नाही. यांच्या कपाटात होतं म्हणे.

कप चिंचेने घासून दिला. शेजारून पार्वताबाई पाहत होत्या, म्हणून दारातच घासला.

चहा पिताना हे बोलले, खूप दिवसांनी दोघा भावांत बोलणं निघालं. यांनी विचारलं, "मग यंदा कप तुमचाच का?" भाऊजी बशीतला चहा संपवत म्हणाले, "नाई दादा. कपाले यंदा रिझर्व पोरं पाठवून राहिलो. गिरनीचे मालक म्हनते, आधी लीग सांभाळा, कपाच्या नादी लागून अमरावतीवाल्याईचं काय झालं पाहा."

मला फार बरं वाटलं. शहाणा मालक. मी आतून म्हटलं, "अगदी बरोबर आहे भाऊजी. लीग म्हणजे संसार. हेच मी तुम्हा दोघांना गेल्या वर्षी जीव तोडून सांगत होते."

भाऊजींनी यांच्याकडे पाहिलं. यांनी पेपर तोंडापुढे धरला.