न्हाणीतलं भोक

१४ जानेवारी
यंदाच्या भाड्याच्या घरात न्हाणीच्या भिंतीत वीतभर चौकोनी भोक सापडलं! गॅसच्या गिझरच्या बरोबर वर. बांधणाऱ्यानं अर्धवट टाकलेलं काम, दुसरं काय! कॅनडातल्या बर्फातून पळून मेक्सिकोत यायचं, आणि माझ्या बायकोनं, ग्वेननं, इथंही न्हाताना कुडकुडायचं? चाळीस हिवाळे मी घराच्या फटी बुजवत आलोय. फवारला की फुगून घट्ट होणाऱ्या फेसाचा डबा आणला, भरून टाकलं. पाच मिनिटांचं काम.
ग्वेन म्हणाली, "परक्याचं घर आहे रे, ऑर्विल. जरा स्वस्थ बस की."

१७ जानेवारी
माझ्या फेसातून कुणीतरी झाडूचा दांडा आरपार घातला. चायोबाईंना विचारलं. सहा हिवाळे आमचा स्वयंपाक, झाडलोट त्याच करतात.
"मीच केलं. गिझरला श्वास नको का, साहेब?"
"त्याला नाक कुठंय, बाई?" मी खूप हसलो. त्या हसल्या नाहीत. पुन्हा भरलं.

२१ जानेवारी
ग्वेनचं डोकं दुखतंय. अंघोळीनंतर ओकारीही झाली. रात्रीचे तामाले, ते मक्याच्या पिठाचे उकडलेले, बाधले असणार. चायोबाईंच्या हातचे.

२३ जानेवारी
पुन्हा दांडा! माझा तोल गेला. घर भाड्यानं कुणी घेतलंय, तुम्ही की मी, असं ओरडलो.
"घर घ्या हो. डोकं बाईसाहेबांचं दुखतंय."
"तुमच्या हातचं खाऊन!"
बोलून गेलो. मग मागं कसं घ्यायचं? उद्यापासून येऊ नका म्हटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "न्हाणी तेवढी घासून जाते." आत दहा मिनिटं! मी दार वाजवलं. जाताना — लिहायलाही लाज वाटते — मी त्यांची पिशवी तपासली. एप्रन, चपला, अर्धं लिंबू. मला नीट दिसावं म्हणून त्यांनी पिशवी स्वतःच उघडून धरली.
भोक मात्र परत बुजवलं.

२४ जानेवारी
पिशवीचं ग्वेनला सांगितलं नाही.

२९ जानेवारी
ग्वेनचं डोकं दुखायचं थांबलं! बाहेरचं जेवतोय म्हणून. मी म्हटलंच होतं. पण न्हाणीत गार वाऱ्याचा झोत अजून येतो. कुठून, कळत नाही. डबा संपलाय.

२ फेब्रुवारी
दुकानं बंद. कांदेलारियाचा सण. गल्लीभर तामाल्यांचा वास. दर वर्षी चायोबाई आमच्या वाट्याचे फडक्यात बांधून आणायच्या. आज दारावर कुणाची थाप नाही. ग्वेन दोनदा उठून बघून आली.
दुपारी न्हाणीच्या दाराखालच्या फटीत टॉवेल ठोकून बसवला. हाताला काम हवं होतं.

४ फेब्रुवारी
ग्वेन न्हाणीत पडली. ओठ कसले ते लाल! उघड्यावर ओढून आणली, तोंडावर पाणी मारलं, किती हाका मारल्या. डॉक्टर आले. गॅसचा धूर आत कोंडला होता म्हणाले. वाचली. वाचली!
शेजारच्या मेल्चोर मिस्त्रींनी स्टुलावर चढून फेस उपटला. "कुठल्या शहाण्यानं हे बुजवलं? तोंड तरी बघू द्या त्याचं!"
मी म्हणालो, आधीच्या भाडेकरूनं.

५ फेब्रुवारी
झोप नाही. कॅनडातल्या घरी, घर तापवायच्या भट्टीजवळ, हा विषारी वायू साठला की वाजणारा भोंगा आहे. दर शरदात मीच तो वाजवून बघतो! इथं मला फक्त गारठा दिसला. स्वतःची किळस येते.
ग्वेन उशीला टेकून बसली. सूप कोण करणार, चायोबाई कधी येणार, विचारते. मी म्हटलं, त्यांना बरं नाही. दोन दिवसांत दुसरं खोटं.
मेल्चोर मिस्त्री पुन्हा डोकावून गेले. "भोक बंद, दाराखालची फटही बंद. मग बाईसाहेब तगल्या कशावर? मला तर कोडंच आहे."

६ फेब्रुवारी
न्हाणीच्या खिडकीचा पडदा धुवायला काढला. काचेच्या पट्ट्यांतल्या वरच्या दोन जागेवर नाहीत. सापडल्या — फरशी पुसायच्या बादलीमागं, वर्तमानपत्रात नीट गुंडाळून ठेवलेल्या. कुणाचा हात कापू नये म्हणून कडांना चिंध्या.
वर्तमानपत्र २३ जानेवारीचं.
ती दहा मिनिटं! आणि मी दारात त्यांची पिशवी उपसत होतो.