उजवा गाल बाकी

गुरुवार, ५ मार्च

आधी आले ते शिंपी. त्यांच्यामागून पोस्टमन, धापा टाकत. शेवटी ड्रायव्हर — जन्मभर बस वेळेवर नेली, त्याचा सूड आता उगवतात. तिघेही रिटायर. दर गुरुवारी चार वाजता आमच्याकडे पत्त्यांचा अड्डा, बावीस वर्षं झाली. चौथा भिडू म्हणजे आमचे हे. पण दोन महिने झाले, हे बाहेरच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. मी दारातच सांगते, "झोपलेत." आजही सांगितलं आणि नेमका आतून खोकला आला. झोपेतला नव्हे, चांगला खणखणीत जागा खोकला.

शिंपी म्हणाले, "वहिनी, आठ गुरुवार झाले. झोपतोय की टाळतोय? आम्ही काही आता येत नाही. त्याला वाटलं तर निरोप द्या." बिस्किटाला हात लावला नाही. पोस्टमननी दोन उचलली, पण तोंड पाडून.

कारण सगळं दाढीत आहे. ह्यांचा उजवा हात थरथरायला लागलाय. घड्याळं दुरुस्त करणारा हात! मुंगीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू स्क्रू फिरवायचा. वडिलांच्या वस्तऱ्याने रोज सकाळी दाढी, एक दिवस खाडा नाही. जानेवारीत त्याच वस्तऱ्याने कान कापला. सूनबाईने वस्तरा कुलपात टाकला, मुलाने दाढीचं मशीन आणलं. हे म्हणाले, "गवत कापायचं यंत्र माझ्या तोंडाला लावू नका." सलूनमध्ये जायचं नाही, कारण अंगावरच्या कापडाखाली हात उडतो आणि लोक आरशातून बघतात. म्हणून दाढी वाढली. वाढली म्हणून लाज, लाज वाटते म्हणून खोली. आता तिघे यायचे बंद झाले तर हा माणूस त्या खोलीतच वाळून जाईल, मला दिसतंय.


शुक्रवार, ६ मार्च

वरच्या मजल्यावरून वन्सं उतरल्या. "वहिनी, गल्लीत विचारतायत. दादा बुवा झालाय म्हणे. दर्शनाची वेळ काय?"

मी म्हटलं, "सकाळी नऊ ते अकरा, चपला बाहेर काढा."

हसू आलं पण नंतर भाजी चिरताना डोक्यात एकदम लख्ख झालं. मीच शिकते. दाढी करायला. लिहिताना पण हसू येतंय. चौथीतून शाळा सुटली माझी, आता बहात्तराव्या वर्षी ही पदवी घेणार.


शनिवार, ७ मार्च

सूनबाईने कपाटाची किल्ली साखरेच्या डब्यामागे ठेवलीय. या घरात चाळीस वर्षं मी वस्तू लपवत आले, आणि ही मला लपवून दाखवते. ती शाळेत शिकवायला गेली तशी किल्ली काढली, वस्तऱ्याची लांबट डबी उघडली, वस्तरा घेतला. त्याच्या जागी ह्यांचा जुना टूथब्रश रुमालात गुंडाळून ठेवला. डबी हलवून बघितली. वजन थोडं कमी वाटलं म्हणून एक चमचा घातला.

चोरी करायला किती बरं वाटतं. अगदी आठ वर्षांची झाल्यासारखं.


सोमवार, ९ मार्च

कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेले. तीन खुर्च्या, बाकावर चार बाप्ये पेपरात डोकं घालून. मी त्यांच्यातच जाऊन बसले. एकाने सरकून जागा दिली आणि मग घाबरून बाहेरच गेला.

सलूनवाले म्हणाले, "मावशी, नातवाला घेऊन यायचं राहिलं का?"

"नाही, मीच आलेय. दाढी शिकायचीय."

ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. मी पिशवीतून वस्तरा काढला तेव्हा तर उठूनच उभे राहिले. हल्ली सगळे पातं बदलायचे वस्तरे वापरतात म्हणे. असा अखंड पात्याचा, धार लावायचा वस्तरा त्यांनी दहा वर्षांत हातात धरला नव्हता. उजेडात उलटसुलट बघितला, म्हणाले, "हा कुणाचा ते ओळखलं. माणूस कसा आहे?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, हातासकट. बाकावरच्या पेपरांचं एकही पान उलटेना.

मग धडा सुरू. आधी गरम पाण्याचा टॉवेल. मग ब्रश गोल गोल फिरवून फेस. डाव्या हाताने कातडी ताणायची — "तोंड सैल तर हात जखमी करणार, मावशी." वस्तरा गालावर सपाट नाही, उभा नाही, जरासा कललेला. आणि आडवा सरकवायचा नाही, कधीच नाही. आडवा सरकला की रक्त.

मी त्यांच्या फेस लावलेल्या बाटलीवर करून दाखवलं. ते म्हणाले, "तुम्ही कापताय. कापायचं नाही. खरवडायचं."

मला लगेच कळलं. आल्याची साल! चमच्याच्या कडेने काढतो तशी, हलकी. एवढं आधी सांगितलं असतं तर!


मंगळवार, १० मार्च

धार लावायला चामड्याचा पट्टा लागतो. सलूनवाल्यांचा भिंतीवर टांगलेला आहे, पण रोज कुठे जाणार. ह्यांचा कमरेचा पट्टा आहे की, चांगल्या कातड्याचा. खिडकीच्या गजाला अडकवला, ताणून धरला आणि विळी-सुरीला दगडावर लावते तशी धार पुढे करून जोरात ओढली.

पट्ट्याचे दोन तुकडे झाले. एक माझ्या हातात, एक गजाला.

वस्तऱ्याची पाठ पुढे आणि धार मागे ठेवून ओढायची असते. हे मला आता कळलं. सुरीवाल्या हाताला कोण सांगणार? तुकडे पिठाच्या डब्यात.


बुधवार, ११ मार्च

हे म्हणाले, "माझा पट्टा कुठाय?"

म्हटलं, "कशाला हवाय? कुठे निघालात?"

परत खोलीत गेले. जरा लागलं असेल. मलाही लागलं.


शुक्रवार, १३ मार्च

सलूनवाल्यांनी त्यांच्याकडचा एक जुना पट्टा दिला, वापरायला. आणि सांगितलं, गालाआधी फुगा. फुग्यावर फेस लावायचा आणि तो न फोडता फेस काढायचा. फुगे घरात पुष्कळ. जुळ्या नातींच्या वाढदिवसाचं पाकीट उरलंय.

पहिला फुटला. दुसरा फुटला. तिसरा फुटला तेव्हा फेस थेट सूनबाईच्या इस्त्री केलेल्या साडीवर. पुसला, पण साबणाचा वास काही जाईना. संध्याकाळी ती साडी नाकाशी धरून उभी. "आई, हा बाबांच्या दाढीच्या साबणाचा वास येतोय."

मी म्हटलं, "नाती काय काय उचलून लावतात, देव जाणे."

नाती बिचाऱ्या समोर बसून गृहपाठ करत होत्या. दोघींनी एकदम माझ्याकडे बघितलं. दोघींना उद्या आइस्क्रीम द्यावं लागणार.


रविवार, १५ मार्च

गुपित. माझ्या हनुवटीवर चार राठ केस आहेत, लग्नाच्या वेळी नव्हते. आज मोरीत कडी लावून आरशासमोर उभी राहिले आणि चारही काढले. पात्याचा कसला तो बारीक आवाज! रक्त नाही. मी माझ्या गालावरून किती वेळ हात फिरवत होते.

दुपारी वन्सं म्हणाल्या, "वहिनी, चेहरा कसा तुकतुकीत दिसतोय. काय लावलंत?"

"साबण," म्हटलं. खोटं नाहीच ते.


मंगळवार, १७ मार्च

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

घरात आम्ही दोघंच. मी स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीला पट्टा अडकवून वस्तरा ओढत होते. जाताना एक, येताना एक, फट् फट्. आता धार मागे ठेवून, बरोबर. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, "वळवताना उचलतेयस."

मी थांबले.

"उचलू नकोस. पात्याच्या पाठीवर वळव. धारेवर वळवलास तर मेली ती धार."

बघितलं नाही काही! नुसता आवाज ऐकून. घड्याळाची टिकटिक ऐकून कुठलं चाक अडलंय ते सांगणारा माणूस, त्याच्यापासून मी फुगे लपवत होते.

मी म्हटलं, "कधीपासून कळलंय?"

"पट्टा फाडलास त्या दिवसापासून. कातडं फाटतं त्याचा आवाज काय कुणाला कळत नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू काय करतेयस ते बघायचं होतं." मग, "आता हळू ओढ. चाळीस वेळा. मी मोजतो."

चाळीस झाले. हे दारापर्यंत आले होते. दाढी विस्कटलेली, हात पाठीमागे.


शुक्रवार, २० मार्च

रोज दुपारी क्लास. मास्तर स्टुलावर, मी फुग्यापुढे. फार खडूस मास्तर! "मनगट नाही, बोटं." "श्वास का धरलाय? फुगा घाबरतोय." काल नऊ फुगे फोडले. मी म्हटलं, तुम्ही बोलता म्हणून फुटतात. हे म्हणाले, गालही बोलणार आहे.

मी मान वर केली नाही. कुणाचा गाल ते विचारलं नाही. मासा गळाला लागला की पाणी हलवायचं नसतं.

आज लागोपाठ तीन फुगे शाबूत. चौथा घ्यायला पाकिटात हात घातला तर पाकीट रिकामं. बाजारातून आणते म्हटलं. ह्यांनी मान हलवली. "कशाला? आता फुगे संपले."

आणि दाढीला हात लावून बसले. डावा हात.


सोमवार, २३ मार्च

ह्यांची एकच अट. कुणाला कळता कामा नये. "बायको दाढी करते हे गल्लीला कळलं तर मी परत खोलीत."

मी बरं म्हटलं. मग भाजी आणायला म्हणून बाहेर पडले आणि सलूनवाल्यांकडून तिघांना निरोप धाडला — गुरुवारी चार वाजता या, वाट बघतोय. ह्यांचं नाव सांगून. तीन वाजता सुरू करायचं, साडेतीनला गाल गुळगुळीत, चारला पत्ते. दाढी कुणी केली ते कोण विचारतंय! मी स्वतःवरच फार खूश आहे.


गुरुवार, २६ मार्च

गणित चुकलं.

तीनला सुरू केलं खरं. पण मास्तरांनी आधी पट्ट्यावर साठ वेळा ओढायला लावलं, मग टॉवेल गार झाला म्हणून परत पाणी तापवलं, मग एवढी लांब दाढी आधी कात्रीने उतरवली. तिच्यातून दोन महिन्यांपूर्वीचा माणूस थोडा थोडा दिसायला लागला. फेस लावला. डावा गाल घेतला. तिथे फुगा नव्हता, सुरकुत्या होत्या. पण कातडी ताणली आणि सुरकुत्या गेल्या. पात्याचा तेवढा आवाज, आल्याच्या सालीपेक्षा गोड. हनुवटीपाशी एक बारीक ठिपका रक्त, तुरटी लावली. डावा गाल झाला, मी वस्तरा पुसला, आणि बेल.

हे म्हणाले, "झोपलोय म्हणून सांग."

मी म्हटलं, "फेस लावून?"

"तूच बोलावलंस त्यांना."

"हो."

असं बघितलं माझ्याकडे! लग्नानंतर दोनदाच बघितलंय तसं. बेल परत वाजली. मनात आलं, आज परत "झोपलेत" म्हटलं तर हे तिघे कायमचे गेले. आणि दार उघडलं तर कदाचित हे मला कायमचे गेले, निदान महिनाभर बोलणार नाहीत. महिनाभर चालेल, मी ठरवलं. दार उघडलं.

तिघे आत आले. ह्यांचा एक गाल लग्नातला, एक गाल बुवाचा, गळ्यात टॉवेल, माझ्या हातात उघडा वस्तरा. ड्रायव्हर दारातूनच परत वळायला लागले.

शिंपी म्हणाले, "डावा बरा झालाय. उजवा कधी?"

हे मला वाटलं उठून आत जाणार. उठले नाहीत. टॉवेलखालून उजवा हात बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर धरला. थरथर थरथर. दोन महिने आम्ही घरातल्यांनीसुद्धा नीट बघितला नव्हता. म्हणाले, "हा कामातून गेला. आता हिचा चालतो. बसा, उजवा गाल बाकी आहे."

तिघे बसले. मी उजवा गाल घेतला. तीन म्हातारे माझ्या हाताकडे टक लावून, सलूनमध्ये बसतात तसे. गळ्यावर आले तेव्हा ह्यांनी मान मागे टाकली आणि डोळे मिटले. गळा सगळ्यात अवघड, तिथे केस वाकडे वळतात. मी श्वास सोडला आणि बोटांनी केलं, मनगटाने नाही.

संपलं तेव्हा दारात सूनबाई उभी, शाळेची पिशवी खांद्यावर. कधीची ते माहीत नाही. पुढे आली, सासऱ्यांचं तोंड उजेडाकडे वळवून दोन्हीकडून बघितलं, वही तपासल्यासारखं. "आई, हनुवटीपाशी एक केस राहिलाय." मग हळूच, "टूथब्रश आणि चमचा मला कालच सापडला."

मी तो एक पण काढला.

पत्ते पाचला सुरू झाले. ह्यांची पानं थरथरतात, त्यामुळे त्यांच्याकडे काय आलंय ते सगळ्यांना दिसतं. हे हरले. शिंपी म्हणाले, असं हरणारा भिडू आधी का नाही आणला? हसता हसता ह्यांना ठसका लागला. तोच खोकला, खणखणीत.


शुक्रवार, २७ मार्च

तिघे येत्या गुरुवारी तीनलाच येतो म्हणालेत, तोवर दाढी न करता. माझ्यापुढे ओळीने बसणार आहेत. चहा हे स्वतः देणार — कप अर्धेच भरायचे, असं त्यांनीच ठरवलंय. तारीख लिहून ठेवते: गुरुवार, २ एप्रिल.