लायब्ररीच्या हॉलमधलं तुमचं गाणं

बाई, शनिवारी मी गाणार आहे, इथल्याच लायब्ररीच्या हॉलमध्ये, आणि गेले चार दिवस मनातल्या मनात तुमच्याशी बोलतेय; आज ते कागदावर उतरवतेय. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. शाळेतल्या शिक्षिकेला आम्ही बाई म्हणतो, असं मी सांगितल्यावर तुम्ही तो शब्द दोनदा म्हणून पाहिलात आणि ठेवून घेतलात.

मी अमेरिकेत, इथे अल्फारेटाला आले ती नवऱ्याच्या व्हिसावर. नोकरीची परवानगी नव्हती, म्हणून चर्चच्या तळघरातल्या तुमच्या गाण्याच्या क्लासला येऊ लागले. दिवसभर तुम्ही एका डेंटिस्टच्या रिसेप्शनवर बसायचात. तुम्ही त्रिनिदादच्या नावाजलेल्या गायिका होतात हे मला तुमच्या स्वयंपाकघरात कळलं. तुम्ही तुरीच्या हिरव्या दाण्यांचा भात करताय, मी कांदा चिरतेय, आणि तुम्ही सहज सांगताय की विसाव्या वर्षी तुमची गाणी तिथल्या बाजारात भाजीवाल्या म्हणायच्या. मग न्यूयॉर्कला आलात. रेकॉर्ड काढणारे म्हणाले, तुमचे उच्चार इथे कुणाला कळणार नाहीत, जरा अमेरिकन करा. तुम्ही केलेत. ती रेकॉर्ड इथे चालली नाही, आणि तिकडे घरचे लोक विचारू लागले, ही कोण गातेय? पुढची पंचवीस वर्षं तुम्ही दुसऱ्यांच्या मागे उभं राहून कोरस दिलात. एवढं सांगून तुम्ही विचारलंत, मीठ कमी आहे का.

म्हणूनच त्या दिवशी इतक्या चिडलात. मी तुमचंच गाणं तोंड वाकडं करून अमेरिकन ढंगात म्हणत होते. तुम्ही पियानोचं झाकण लावलंत.

"मी एकदा दुसऱ्याच्या तोंडानं गायले, ते अजून निस्तरतेय. तू तुझ्या तोंडानं गा, नाहीतर घरी जा."

मी रडले. मग आई म्हणायची ती भूपाळी म्हटली. तुम्ही ती तीनदा म्हणायला लावलीत.

बासष्टाव्या वर्षी तुम्ही स्वतः लायब्ररीचा हाच हॉल ठरवलात. फक्त तुमची गाणी, तुमच्या बोलीत. चर्चमधल्या मैत्रिणी म्हणाल्या, कोण येणार? तुम्ही म्हणालात, "मी तर येणार आहे." एकोणीस माणसं आली. तुम्ही दोन तास गायलात, एकही गाणं गाळलं नाहीत. त्या एकोणिसांत तुमच्या बेटावरचा एक म्हातारा होता, त्यानं घरी फोन केला, आणि त्याच वर्षी तुमच्या गावानं तुम्हाला गायला बोलावलं. गेलात, गायलात, आणि परत येऊन सोमवारी रिसेप्शनवर बसलात.

शनिवारची पत्रकं मी इंडियन स्टोअरच्या दारात उभी राहून वाटली. मुलगी म्हणाली, "आई, धिस इज सो एम्बॅरसिंग." तरी हलले नाही, सगळी संपवली.

हे कागद मी कुठेच पाठवणार नाही, म्हणून सांगतेय. तुमच्या कार्यक्रमाची पत्रकं तुम्ही मला दिली होतीत, तुझ्या लोकांत वाट म्हणून. वाटली, असं मी सांगितलं. ती आमच्या गाडीच्या डिकीतच होती. तुमचं गाणं आमच्या लोकांना काय कळणार, असं मलाही वाटलं होतं.