चष्म्यावरचे चार माइक

४ मार्च
लॅबच्या साहेबांनी चार माइक दिले. एकेक वाटाण्याहून लहान! चष्म्याच्या दांड्यांवर बसवायचेत — बाबांसाठी. कानात मशीन आहे, पण टेबलावर सगळे बोलायला लागले की त्यांना नुसता गलबला ऐकू येतो. म्हणून हल्ली ताट घेऊन आतल्या खोलीत जातात. "तुम्ही जेवा निवांत." कसलं निवांत! मला घास जात नाही. ते काही नाही, बाबा टेबलावर परत यायला हवेत.

चष्मा असा हवा — बाबा ज्याच्याकडे बघतील त्याचा आवाज पुढे, बाकीचे मागे.

७ मार्च
लॅबमधल्या बंद खोलीत स्टँडवर लावून मोजलं. समोरचं लख्ख, बाजूचं गप्प! दिवसभर मी हवेत.

८ मार्च
बाबांच्या नाकावर चढवला आणि सगळं फिसकटलं. बघतायत आईकडे, ऐकू येतोय शेजारचा पंखा. मोजताना माइकांच्या मध्ये डोकंच नव्हतं ना! स्टँडला डोकं नसतं हे ठीक, पण मला?

१० मार्च
कलिंगड आणलं. त्याला चष्मा घालून सगळं पुन्हा मोजलं. साहेब दारातून डोकावले — "नवीन भरती का?" जमलं एकदाचं! मग नव्या भरतीला आम्ही कापून खाल्लं.

१३ मार्च
आता काका! बाबांचे धाकटे भाऊ, घरातला सगळ्यात जाड आवाज. माझा आवाज मागे जातो, आईचा जातो, काकांचा हलत नाही. जाड आवाजाची लाट माणसाहून लांब, आणि माझे माइक बोटभर अंतरावर. एवढ्या लांब लाटेत चारही माइक जवळजवळ एकाच जागी, चौघांना ऐकू येतं जवळजवळ सारखंच. मग आली कुठून, हे त्या बिचाऱ्यांना कळणार कसं? चौघांच्या ऐकण्यातला जरासा फरक फुगवून बघितला, तर माइकांची स्वतःचीच खरखर वाढली. बाबा म्हणाले, "कोण तळतंय काय?"

साहेब म्हणतात, माइक लांब लांब लाव. किती लांब? "दाराएवढे." बाबांच्या तोंडावर दार बांधू का!

१४ मार्च
हरले. एवढ्याशा चष्म्याला यापुढे जमत नाही, झालं. सरळ काकांकडे गेले. "जेवताना दुसरं कुणी बोलत असेल तर जरा थांबाल का?" वाटलं, चिडणार. तर म्हणे, "अगं, एवढंच? मला वाटलं दादा माझ्यावर रुसलाय!" डोळे पुसत होते. मलाही भरून आलं.

१६ मार्च
बाबा टेबलावर!!

मी सांगत होते, शेजाऱ्यांनी घर रंगवायला काढलंय. आई नेहमीसारखी बाबांच्या कानाशी वाकली — "ती म्हणतेय, शेजारी घर विकतायत." बाबांनी हात वर केला. "थांब. मी ऐकलंय. असं म्हणालीच नाही ती!" मग, "म्हणजे इतके दिवस मी हिच्या मनातल्या बातम्या ऐकतोय!" काकांना ठसका लागला. आईसुद्धा तोंडावर हात ठेवून हसली. मी म्हटलं, कमाल आहे आईची, तिखटमीठ लावल्याशिवाय काही सांगायचीच नाही! बाबांनी दोनदा वाढून घेतलं आणि सगळ्यात शेवटी उठले. आज मी राणी!

१७ मार्च
आईने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. माझ्या ओठांकडे बघत म्हणाली, "मलाही करशील का गं एक? भाऊजींचं तेवढं कळतं मला. तुझं नाही कळत. कधीपासूनच." तिच्या खांद्यावर डोकं टेकून मी हो म्हटलं. मग बाजूला झाले, तोंड तिच्याकडे केलं आणि परत म्हटलं.